‘मास्टर जनुक’ काढून टाकले तरी स्नायू कसे तयार होतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पाठ्यपुस्तकांत मायोडी या जनुकाला अस्थिस्नायूंचे ‘मास्टर जनुक’ म्हटलेले असते, परंतु तेच जनुक निकामी केलेला उंदीर जन्माला येतो, हिंडतो-फिरतो, त्याला पिल्लेही होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे स्नायू जवळजवळ नेहमीसारखे दिसतात. उलट मायोस्टॅटिन हे जनुक निकामी झाले की स्नायू दुपटीने वाढतात. मग स्नायूंच्या घडणीवर खरे नियंत्रण कोणाचे समजायचे?

स्नायुपेशींच्या विकासावर मी बरीच वर्षे प्रयोगशाळेत काम करतो आहे आणि हा प्रश्न जवळजवळ दरवर्षी एखादा नवा विद्यार्थी विचारतोच. माझे उत्तर असे की, पेशीला स्नायू बनवणे हे तुलनेने सोपे काम आहे आणि ते करू शकणारी जनुके एकाहून अधिक आहेत. अवघड काम आहे ते पुरेशा पेशी साठेपर्यंत त्यांना स्नायू होण्यापासून थोपवून धरण्याचे. ही गोष्ट ध्यानात घेतली की वरच्या दोन्ही निरीक्षणांतला विरोध नाहीसा होतो. मात्र त्यासाठी मायोडीपासूनच सुरुवात करावी लागेल.

उंदराच्या भ्रूणापासून मिळवलेल्या तंतुपेशींच्या (अवयवांना आधार देणाऱ्या ऊतकातील पेशींच्या, स्नायुतंतूंच्या नव्हे) एका वंशाला ५-अ‍ॅझासायटिडीन हे द्रव्य दिले, तर त्यांतल्या काही पेशी स्नायूच्या, काही चरबीच्या, तर काही कूर्चेच्या होतात, हे १९७० च्या दशकाअखेरीस ठाऊक झाले होते. हे द्रव्य डीएनएवरची मिथाइल गटांची कुलुपे काढून टाकते. पेशी इतक्या मोठ्या प्रमाणात स्नायूकडे वळत होत्या की, त्या वळणामागे एखाददुसरेच जनुक असावे असा तर्क करता येत होता. सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्रात रॉबर्ट डेव्हिस, हॅरल्ड वाइनट्रॉब आणि अँड्र्यू लासार यांनी स्नायुमार्गावरच्या पेशींतील संदेशवाहक आरएनए मूळ तंतुपेशींतील आरएनएशी ताडून पाहिले आणि फक्त स्नायुपेशींतच आढळणारे मोजके उमेदवार निवडले. त्यांपैकी एक एकट्याने तंतुपेशीत सोडला तरी ती पेशी स्नायूकडे वळत होती. हा मायोडी, साल १९८७. पुढच्या दोनेक वर्षांत रंगद्रव्याच्या, चेतासंस्थेच्या आणि चरबीच्या पेशीवंशांतही मायोडीने स्नायूंची प्रथिने निर्माण करवून दाखवली. ‘मास्टर’ ही पदवी त्याला मिळाली ती अशी, आणि त्या प्रयोगांपुरती ती योग्यच होती.

मायोडीचे प्रथिन डीएनएवर सी-ए-एन-एन-टी-जी अशी सहा अक्षरांची खूण शोधून तिथे बसते. यातल्या मधल्या दोन जागी कोणतेही अक्षर चालते. या खुणेला ई-बॉक्स म्हणतात. आता जरा हिशेब करा. चारच अक्षरे ठरलेली असल्यामुळे अशी खूण योगायोगानेच सरासरी दर २५६ अक्षरांमागे एकदा येते. म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जनुकसंचात ती एक कोटीहून अधिक ठिकाणी असणार. मायोडीला मधल्या दोन अक्षरांविषयी आवडनिवड आहे, तरीही केवळ खुणेवरून त्याला आपली जागा सापडणे शक्य नाही. प्रत्यक्षात तो हजारो ठिकाणी बसलेला आढळतो आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी शेजारचे जनुक चालू झालेले नसते. जनुक चालू होते ते आसपास मेफ-२, पीबीएक्स यांसारखी अन्य प्रथिने हजर असतील आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांची गुंडाळी सैल करणारी यंत्रणा मायोडीला तिथे बोलावता आली तर. शिवाय मायोडी एकटा बसतच नाही. ई-प्रथिने म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जवळजवळ सर्व पेशींत सापडणाऱ्या जोडीदाराशी त्याची जोडी जमावी लागते. याच जोडीदाराला पळवणारे आयडी नावाचे प्रथिन १९९० मध्ये सापडले. ते मायोडीसारखेच जोडी जमवते, पण डीएनए पकडणारा भाग त्याच्याकडे नसतो. पेशी विभागत असते तोवर आयडी भरपूर असते, आणि म्हणून मायोडी पेशीत असूनही हात बांधल्यासारखा राहतो. थोपवण्याच्या यंत्रणांपैकी ही पहिली.

आता जनुक निकामी केलेल्या उंदरांकडे वळू. मायोडीला तीन भावंडे आहेत: मायएफ-५, मायोजेनिन आणि एमआरएफ-४. १९९२ मध्ये मायोडीविना उंदीर तयार झाला, तेव्हा त्याच्यात मायएफ-५ ची पातळी वाढलेली दिसली. त्याच वर्षी मायएफ-५ विना तयार केलेल्या उंदराचेही स्नायू जवळपास ठीक होते. बरगड्या मात्र बिघडल्या होत्या. १९९३ मध्ये दोन्ही जनुके एकाच उंदरातून काढली तेव्हा अस्थिस्नायू तयारच झाले नाहीत, इतकेच नव्हे तर स्नायू घडवणाऱ्या मायोब्लास्ट पेशीही सापडल्या नाहीत. त्याच वर्षी मायोजेनिन काढलेल्या उंदरांत मायोब्लास्ट जागच्या जागी होते, पण ते एकमेकांत मिसळून स्नायूचे लांब तंतू बनले नाहीत आणि पिल्ले जन्मतःच दगावली. यावरून एक सुटसुटीत चित्र उभे राहिले: मायोडी आणि मायएफ-५ पेशीचा मार्ग ठरवतात, त्या मार्गावरून तिला शेवटपर्यंत मायोजेनिन नेते. हे चित्र पाठ्यपुस्तकांत अजून आहे आणि ढोबळमानाने ते चालतेही.

ढोबळमानाने अशासाठी म्हणतो की, त्याला एक शेजारधर्माची गोष्ट चिकटलेली आहे आणि ती विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही. मायएफ-५ आणि एमआरएफ-४ ही जनुके एकाच गुणसूत्रावर अगदी लागून आहेत. त्यांच्यात दहा हजार अक्षरांचेही अंतर नाही. मायएफ-५ च्या जागी दुसरे जनुक घुसवताना शेजारच्या एमआरएफ-४ चे कामही अजाणता बिघडले होते. म्हणजे १९९३ च्या त्या ‘दोन जनुकांविना’ उंदरात वस्तुतः तीन जनुकांचे काम थांबलेले होते. २००४ मध्ये एमआरएफ-४ शाबूत ठेवून तोच प्रयोग पुन्हा केला गेला आणि मायोडी व मायएफ-५ दोन्ही नसतानाही भ्रूणात स्नायू तयार झालेले दिसले. मायएफ-५ च्या खात्यावर लिहिलेला बरगड्यांचा दोषही उंदरात बऱ्याच अंशी याच शेजारच्या बिघाडाचा निघाला. एखादे जनुक काढल्यावर जे बिघडते ते त्या जनुकाचेच काम असते, हे गृहीतक किती जपून वापरायला हवे याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मायोडीविना उंदीर ‘सर्वसामान्य’ असतो, हे विधानही थोडे सैल आहे. त्याच्या स्नायूला इजा झाली तर ती नीट भरून येत नाही. माणसात तर भावंडांची ही भरपाई आणखी अपुरी ठरते: मायोडी पूर्णपणे निकामी झालेल्या बाळांमध्ये श्वासपटलाचे दोष आणि जन्मतःच श्वसनाची गंभीर अडचण नोंदली गेली आहे, तर मायएफ-५ निकामी असलेल्या रुग्णांत डोळे हलवणारे स्नायू काम करत नाहीत आणि बरगड्या-मणक्यांत व्यंग आढळते. तेव्हा ‘एक गेले तर दुसरे सांभाळून घेते’ हा नियम प्रजातीनुसार आणि शरीराच्या भागानुसार बदलतो.

या चौघांच्या आधी काय घडते ते आता पाहू. धडाचे आणि हातापायांचे स्नायू भ्रूणाच्या पाठीकडे चेतानलिकेच्या (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू बनतात) दोन्ही बाजूंना तयार होणाऱ्या सोमाइट नावाच्या खंडांतून येतात. उंदरात साधारण दर दोन तासांनी, माणसात सुमारे पाच तासांनी यांची एक नवी जोडी वेगळी होते. सोमाइटातील पेशी जन्मतः स्नायूच्या नसतात. चेतानलिकेकडून व वरच्या त्वचास्तराकडून येणारे डब्ल्यूएनटी संदेश आणि पृष्ठरज्जूकडून (चेतानलिकेखालच्या आधारदांडीकडून) येणारा सॉनिक हेजहॉग हा संदेश त्यांना स्नायूकडे ढकलतात, तर बाहेरच्या अंगाने येणारा बीएमपी संदेश त्यांना थांबवतो. कोणत्या पेशीने आत्ता तंतू व्हायचे आणि कोणी अजून वाट पाहायची, हे या संदेशांच्या प्रमाणावर ठरते. वाट पाहणाऱ्या पेशींची ओळख म्हणजे पॅक्स-३ आणि पॅक्स-७ ही जनुके. पॅक्स-३ बिघडलेल्या उंदरांत हातापायांचे स्नायू तयार होत नाहीत, कारण सोमाइटातून अवयवाच्या कोंबाकडे स्थलांतर करण्यासाठी लागणारा मेट हा ग्राही (बाहेरचा संदेश पकडणारे पेशीवरचे प्रथिन) पॅक्स-३ च्या हुकमाशिवाय बनत नाही. मेट काढून टाकला तरी परिणाम तोच: हाडे आणि कातडी असलेला, पण आतून स्नायू नसलेला पाय. डोक्याच्या स्नायूंना मात्र पॅक्स-३ लागत नाही. तिथे पिटएक्स-२, टीबीएक्स-१ अशी वेगळीच मंडळी काम करतात आणि शेवटी सगळे मायोडीच्या घराण्याशीच येऊन मिळतात. काही स्नायुविकार डोळ्यांना वगळून हातापायांनाच का धरतात, किंवा याच्या उलट का घडते, याचा एक धागा या वेगळ्या उगमांपर्यंत नेता येतो.

माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा पुढे आहे. वाट पाहणाऱ्या पेशींना थांबवून धरणारा मुख्य संदेश म्हणजे नॉच. तंतू होऊ घातलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर डीएलएल-१ हे प्रथिन मांडते; शेजारच्या पेशीवरचा नॉच ग्राही ते ओळखतो आणि त्या शेजारणीत मायोडीची वाट अडवली जाते. २००७ मध्ये दोन संशोधकगटांनी उंदरात ही अडवणूक काढून पाहिली. एकाने डीएलएल-१ कमी केले, दुसऱ्याने नॉचचा संदेश केंद्रकात पोहोचवणारे प्रथिन काढले. ब्रेक काढला तर स्नायू जास्त तयार होतील, अशी कोणाचीही पहिली अपेक्षा असेल. झाले उलटेच. पेशी घाईघाईने स्नायू झाल्या, साठा लवकर संपला आणि पुढे वाढण्यासाठी कोणी उरलेच नाही. परिणामी स्नायू अतिशय तुटपुंजे राहिले. स्नायुतंतूचे केंद्रक पुन्हा विभागत नाही, त्यामुळे ज्या पेशीने एकदा ‘हो’ म्हटले ती साठ्यातून कायमची वजा होते.

हे डिशमध्येही पाहायला मिळते. सी२सी१२ हा उंदराच्या मायोब्लास्टचा पेशीवंश स्नायूवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत असतो. भरपूर सीरम (रक्तातील वाढ करवणारी द्रव्ये असलेला द्रव) असलेल्या माध्यमात या पेशी चपट्या, ताऱ्यासारख्या आकाराच्या असतात आणि विभागत राहतात. त्यांच्यात मायोडी तेव्हाही असतो. सीरम काढून दोन टक्के घोड्याचे सीरम असलेले माध्यम घातले की दुसऱ्या दिवशी काही केंद्रकांत मायोजेनिन रंगते, मग पेशी लांबट होऊन एकमेकींना समांतर लागतात, आणि चार-पाच दिवसांत डिशभर लांब नळ्या दिसतात, ज्यांच्या प्रत्येकीत ओळीने मांडलेली कितीतरी केंद्रके असतात. जमलेल्या डिशमध्ये त्या नळ्या अधूनमधून आपोआप थरथरतात. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापासून हलत नाही. आमच्याकडे एकदा एका होतकरू मुलाने शनिवार-रविवारी डिश दाट होऊ दिल्या आणि सोमवारी नेहमीप्रमाणे पेशी उचलून पुढे वाढवल्या. असे तीन-चार आठवडे झाले. नंतर त्या पेशी काही केल्या नळ्या बनवीनात. त्याने सीरम बदलले, माध्यम बदलले, माझ्यावर शंका घेतली. घडले होते ते सरळ होते: दाटीत ज्या पेशी स्नायू होण्यास तत्पर होत्या त्या दर आठवड्याला जुळून बाद होत गेल्या, आणि पुढच्या डिशमध्ये गेल्या त्या फक्त न जुळणाऱ्या. त्याने नकळत स्नायू न होणाऱ्या पेशींचीच पैदास केली होती. तेव्हापासून साठ-सत्तर टक्के जागा भरली की पेशी उचलायच्या, सुट्टी असो वा नसो, असा आमच्याकडे दंडक आहे.

पेशी एकमेकींत विलीन होण्याची पायरीही जनुकांच्या कडक पहाऱ्यात असते. मायोमेकर हे पेशीपटलातील प्रथिन २०१३ मध्ये आणि त्याचा छोटा जोडीदार मायोमिक्सर २०१७ मध्ये सापडला. ही दोन्ही तंतुपेशींत एकत्र घातली तर एरवी कधीच न जुळणाऱ्या त्या पेशीही एकमेकींत मिसळतात. इतके धोकादायक हत्यार भलत्या वेळी बाहेर येऊ नये म्हणून त्यांची जनुके मायोडी-मायोजेनिनच्या ई-बॉक्सांवर अवलंबून ठेवलेली आहेत. मायोमेकरमधील दोषामुळे माणसात केरी-फाइनमन-झिटर हा जन्मजात स्नायुविकार होतो.

प्रौढ स्नायूतही थांबवून ठेवलेल्या पेशी असतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या स्नायुतंतूला चिकटून बसलेल्या या सॅटेलाइट पेशींचे वर्णन केले. पॅक्स-७ ही त्यांची खूण. या पेशी काढून टाकल्या तर इजा झालेला स्नायू पुन्हा उभा राहत नाही. या पेशींत मायएफ-५ चा संदेशवाहक आरएनए आधीच लिहिलेला असतो, पण मिर-३१ हा सूक्ष्म आरएनए त्याला कणिकांत अडकवून ठेवतो, म्हणून प्रथिन बनत नाही. इजा झाली की ते बंधन सुटते आणि नव्याने संदेश लिहिण्यात वेळ न दवडता पेशी कामाला लागते.

मायोडी असणे पुरेसे नाही, याचा सर्वांत क्लेशकारक पुरावा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा या प्रामुख्याने मुलांत आढळणाऱ्या कर्करोगात आहे. या गाठींच्या पेशींत मायोडी आणि मायोजेनिन दोन्ही सापडतात, इतके खात्रीने की विकृतिशास्त्रज्ञ निदानासाठी त्यांचेच रंजन करून पाहतात. तरीही पेशी विभागतच राहतात. एका प्रकारात दुसऱ्या आणि तेराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पॅक्स-३ आणि फॉक्सओ-१ यांचे जोडप्रथिन तयार होते, आणि वाट पाहण्याची अवस्था संपतच नाही. ब्रेक वेळेवर सोडणेही त्याच्या लागण्याइतकेच महत्त्वाचे असते.

आता मायोस्टॅटिन. जॉन्स हॉपकिन्समधील मॅकफेरॉन, लॉलर आणि से-जिन ली यांनी १९९७ मध्ये हे जनुक काढलेले उंदीर तयार केले. त्यांचे एकेक स्नायू दुप्पट-तिप्पट वजनाचे होते. त्याच वर्षी ‘बेल्जियन ब्लू’ या पिळदार गुरांत याच जनुकातील ११ अक्षरे गळालेली सापडली. मला मात्र टेक्सेल मेंढ्यांचे उदाहरण अधिक शिकवून जाते. त्यांच्या मायोस्टॅटिन प्रथिनात काहीच फरक नाही. एकही अमिनो आम्ल बदललेले नाही. बदल आहे तो प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या शेपटात, ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘ए’, एवढाच. पण त्या एका अक्षराने मिर-१ आणि मिर-२०६ या सूक्ष्म आरएनएंना बसायला नवी जागा तयार झाली. हे दोन्ही स्नायूत मुबलक असतात. ते तिथे बसतात आणि मायोस्टॅटिनचे उत्पादन दाबतात. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या गटाने २००६ मध्ये हे दाखवले. प्रथिनाचा मजकूर तपासून ‘जनुक निर्दोष’ असा निर्वाळा देणाऱ्या कोणालाही हा बदल दिसला नसता.

मायोस्टॅटिन हाही ब्रेकच आहे, पण नॉचहून वेगळा. पेशीने स्नायूकडे कधी वळायचे ते नॉच ठरवतो. मायोस्टॅटिन साठा किती मोठा होऊ द्यायचा आणि तंतू किती जाड होऊ द्यायचा यावर मर्यादा घालतो. म्हणूनच एक काढला तर स्नायू खुरटतो आणि दुसरा काढला तर फुगतो. भ्रूणावस्थेपासून मायोस्टॅटिन नसलेल्या प्राण्यात तंतूंची संख्याही वाढते आणि जाडीही. माणसात तंतूंची संख्या जन्माच्या सुमारास जवळपास ठरून गेलेली असते, तेव्हा प्रौढात मायोस्टॅटिन अडवले तर हाती येते ती फक्त जाडी. त्यात भर अशी की, माणसात मायोस्टॅटिनच्याच ग्राहीवर बसणारे अ‍ॅक्टिव्हिन-ए हे प्रथिन उंदराच्या तुलनेत अधिक प्रभावी आहे, त्यामुळे एकट्या मायोस्टॅटिनला अडवून ब्रेक पुरता सुटत नाही. ड्यूशेन या स्नायू झिजवत नेणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांत तर मायोस्टॅटिनची पातळी आधीच खालावलेली असते. त्या विकारात मायोस्टॅटिनविरोधी औषधांच्या चाचण्या अपेक्षेइतक्या यशस्वी झाल्या नाहीत, यामागे ही कारणे असावीत. आणि हल्ली लक्ष मायोस्टॅटिनवरून त्या सामायिक ग्राहीकडे वळले आहे तेही त्यामुळेच.